टॉरेंटवर आपला पत्ता कोणाकोणाला दिसतो, आणि व्हीपीएन घेतला की काम झालं का?

डिचोलीकडच्या एका गावातून हा प्रश्न आलाय, थोडक्यात असा: गावातली सात-आठ जणं डोंगरकापणीचे व्हिडिओ, ड्रोनचं शूटिंग, आरटीआयला मिळालेल्या उत्तरांचे स्कॅन असं मिळून चाळीसेक जीबी एकमेकांत आणि शेजारच्या दोन-तीन गावांत टॉरेंटने वाटतात, कारण ड्राईव्हवर टाकायचं तर कोणाच्या तरी नावाच्या खात्यावर टाकावं लागतं आणि व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओची वाट लावतं. आता कोणीतरी त्यांना दाखवलं की क्लायंटच्या, म्हणजे टॉरेंट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पीअर्स टॅबमध्ये (फाईल देणाऱ्या-घेणाऱ्यांची यादी) सगळ्यांचे आयपी, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते, सरळ दिसतात. बिल्डरच्या माणसाने बघितले तर? व्हीपीएन, म्हणजे आपलं नेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा, घेतला तर पुरे का, आणि घ्यायचा तर कुठला?

मी म्हापशाला नेटवर्किंगची कामं करतो, आधी बरीच वर्षं एका केबल इंटरनेटवाल्याकडे होतो, त्यामुळे हे प्रकरण ग्राहकाच्या बाजूने आणि सर्व्हरच्या बाजूने दोन्हीकडून बघितलंय. एक आधीच सांगतो, सिनेमे फुकट बघायला म्हणून कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी हे उत्तर नाही. तुमची फाईल तुमची स्वतःची आहे आणि भीती खरी आहे, म्हणून एवढं लिहितोय.

कुठला व्हीपीएन हा अगदी शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न हा की तुम्हाला कोणापासून लपायचंय. बाहेरून टॉरेंटवर नजर ठेवणारा अनोळखी माणूस, तुमची इंटरनेट कंपनी, पोलिसांचं पत्र घेऊन येणारी यंत्रणा, आणि तुमच्याच ग्रुपमधला एखादा फुटीर, ही चार वेगवेगळी माणसं आहेत आणि एकावर चालणारा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. बिल्डरचा माणूस म्हणजे बहुतेक पहिला किंवा चौथा. आपल्याकडे चौथा जास्त, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता टॉरेंट मुळात काय करतो ते बघा. २००१ साली ब्रॅम कोहेनने हे काढलं ते मोठी फाईल भरभर वाटायला, लपायला नव्हे. मॅग्नेट लिंकमध्ये, म्हणजे टॉरेंट ज्या लिंकने वाटतात तिच्यात, फाईलची एक खूण असते, इन्फोहॅश म्हणतात तिला. तुमचा क्लायंट ती खूण घेऊन ट्रॅकरला (यादी ठेवणारा सर्व्हर) किंवा डीएचटीला (क्लायंटनी आपापसांत मिळून सांभाळलेली यादी) विचारतो की ही फाईल कोणाकोणाकडे आहे, आणि उत्तरात आयपी आणि पोर्टची (त्या आयपीवरचा दार-क्रमांक) यादी येते. ती यादी आली नाही तर डाउनलोडच होणार नाही, म्हणजे आयपी दिसणं ही चूक नाही, तो त्याचा धंदाच आहे. आणि ज्याच्याकडे ती खूण आहे असा कोणीही ही यादी मागू शकतो, त्याने फाईलचा एक बाईटसुद्धा उतरवायची गरज नाही.

हे किती सोपं आहे याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. फ्रान्सच्या इन्रिया या संस्थेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये एक पेपर काढला, एका साध्या मशीनवर बसून १०३ दिवसांत त्यांनी टॉरेंटवरचे १४ कोटी ८० लाख आयपी गोळा केले. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यातली दुसरी गोष्ट, की नवीन टाकलेल्या ७० टक्के फाइलींच्या बाबतीत ती फाईल पहिल्यांदा कोणी टाकली त्याचा आयपी त्यांना काढता आला. कारण साधं आहे, टॉरेंट नवा असतो तेव्हा पूर्ण फाईल एकाकडेच असते, बाकी सगळे शून्य टक्क्यावर, सुरुवातीपासून बघत बसलं की मालक कोण ते आपोआप कळतं. नंतर पाचशे जण सीड करोत, म्हणजे पूर्ण फाईल दुसऱ्यांना वाटत बसोत, पहिला तो पहिलाच. तुमच्या बाबतीत धोका आहे तो या पहिल्या माणसाला, उतरवून घेणाऱ्याला त्या मानाने कमी.

नुसता आयपी मिळून बिल्डरला काय कळणार असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, आयपीवरून थेट नाव कळत नाही. शिवाय आयपी म्हणजे पुरावा असंही नाही, २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी ट्रॅकरला खोटी माहिती देऊन यादीत प्रिंटरचे आयपी घुसवले होते आणि त्या प्रिंटरच्या नावाने कॉपीराईटच्या नोटिसा आल्या! पण कोर्टात टिकेल का हा तुमचा प्रश्न नाहीये, संध्याकाळी घरी कोणी येईल का हा आहे, आणि त्याला पुरावा लागत नाही, संशय पुरतो.

आयपी ते नाव हा रस्ता इंटरनेट कंपनीतून जातो. केबलवाल्यांकडे आणि मोबाईलवर बहुतेक ठिकाणी सीजीनॅट असतं, म्हणजे शंभर घरांना मिळून एकच बाहेरचा आयपी. त्यामुळे लोक म्हणतात की आमचा आयपी पब्लिक नाही, आम्हाला काय होणार. होतं असं की कोणत्या ग्राहकाला कुठल्या वेळी कुठलं पोर्ट दिलं त्याचा लॉग कंपनीला ठेवावाच लागतो, लायसन्सच्या अटीतच आहे ते, आणि डिसेंबर २०२१ पासून तो निदान दोन वर्षं ठेवायचा असतो. आयपी, पोर्ट आणि वेळ तिन्ही घेऊन अधिकृत पत्र आलं की नाव काढायला फार वेळ लागत नाही, मी स्वतः काढून दिलेली आहेत. बिल्डरला असं पत्र मिळत नाही. पण लहान केबलवाल्याचा पोरगा आणि बिल्डरचा सुपरवायझर एकाच क्लबात फुटबॉल खेळत असतील तर पत्र कशाला हवं.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे आयपीव्ही६. जुन्या पद्धतीच्या आयपीमागे तुम्ही शंभर घरांत मिसळलेले असता, पण नव्या आयपीव्ही६ मध्ये तुमच्या घराला स्वतःचा वेगळा पत्ता-पट्टा मिळतो आणि टॉरेंट क्लायंट दोन्ही पत्ते आनंदाने जाहीर करतो. पीअर्स टॅबमध्ये कोलनवाले लांबलचक पत्ते दिसत असतील तर ते हेच.

क्लायंटच्या सेटिंगमध्ये एन्क्रिप्शन म्हणून एक पर्याय असतो, तो चालू करून काही जण निर्धास्त झोपतात. इंटरनेट कंपन्या टॉरेंट ओळखून स्पीड कापायच्या त्या काळातलं ते आहे. कंपनीला आतलं पटकन ओळखू येऊ नये एवढंच त्याचं काम, समोरच्या पीअरला तुमचा पत्ता तसाच दिसतो. प्रायव्हेट टॉरेंटचंही तसंच, त्याने डीएचटी आणि पीअर एक्स्चेंज (पीअर एकमेकांना इतरांचे पत्ते सांगतात ते) बंद होतात आणि परका माणूस सहज येत नाही, पण आत असलेल्यांना सगळं दिसतं, म्हणजे फुटीरासमोर शून्य.

आता व्हीपीएन. व्हीपीएनने पत्ता नाहीसा होत नाही, तो इंटरनेट कंपनीच्या हातातून व्हीपीएन कंपनीच्या हातात जातो. कधी कधी तेवढं पुरतं. टॉरेंटवर नजर ठेवणाऱ्या पहिल्या माणसासाठी पुरतं, आणि केबलवाल्याच्या पोराला तुम्ही व्हीपीएन वापरताय याच्यापलीकडे काही दिसत नाही. पण मग ती कंपनी कुठली आणि ती काय नोंदी ठेवते यावर सगळं येऊन थांबतं. आपल्याकडे २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, आदेश काढला, व्हीपीएन पुरवणाऱ्याने ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, त्याला दिलेले आयपी हे सगळं ग्राहक सोडून गेल्यावरसुद्धा पाच वर्षं सांभाळायचं. म्हणून एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी त्याच वर्षी भारतातले सर्व्हर काढून टाकले. तेव्हा भारतात सर्व्हर असलेला, भारतात नोंदलेला व्हीपीएन या कामाला घेऊ नका, एवढं ढोबळपणे सांगता येईल. फुकटचा तर नकोच. २०१५ मध्ये होला नावाच्या फुकट व्हीपीएनचं उघड झालं की ते ग्राहकांचीच कनेक्शनं दुसऱ्यांना भाड्याने देत होते, म्हणजे तुम्ही लपायला गेलात आणि तिसराच कोणीतरी तुमच्या आयपीवरून फिरतोय.

चांगला व्हीपीएन घेतला तरी लोक जिथे फसतात ती जागा वेगळीच आहे, आणि गोव्यात ती पावसाळ्यात रोज येते. लाईट जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालूच असतो, राउटर बंद पडतो, लाईट येते, राउटर उठतो, नेट येतं, आणि व्हीपीएन परत जोडला जायच्या आधीच्या त्या काही सेकंदांत टॉरेंट क्लायंटने खऱ्या आयपीने ट्रॅकरला हजेरी लावलेली असते. नोंद व्हायला एक हजेरी पुरते. वर त्याच यादीत व्हीपीएनच्या आयपीवर तोच क्लायंट, तेच पोर्ट, फाईल तितक्याच टक्क्यांवर असा एक जण आधी दिसत होता, म्हणजे दोन्ही एकच हे जुळवणं काहीच कठीण नाही. व्हीपीएनच्या अ‍ॅपमधला किल स्विच (व्हीपीएन तुटला की नेटच बंद करणारं बटण) चालू ठेवा पण त्याच्यावर अवलंबून राहू नका, क्लायंटलाच बांधून टाका. क्यूबिटटॉरेंट या क्लायंटमध्ये अ‍ॅडव्हान्स्डच्या पानावर नेटवर्क इंटरफेस म्हणून पर्याय असतो, तिथे एनी इंटरफेसच्या जागी व्हीपीएनचा इंटरफेस निवडायचा. मग व्हीपीएन पडला की टॉरेंट नुसता थांबतो, दुसऱ्या वाटेने बाहेर जायचा प्रयत्नच करत नाही. आणि व्हीपीएन आयपीव्ही६ सांभाळत नसेल तर लॅपटॉपवर आयपीव्ही६ बंद. सेटिंग केल्यावर मुद्दाम व्हीपीएन तोडून बघा, डाउनलोड लगेच शून्यावर यायला हवं.

टॉरमधून, म्हणजे आपलं नेट अनोळखी मशीनमधून फिरवून पत्ता लपवणाऱ्या नेटवर्कमधून, टॉरेंट चालवायचं का, हे पण नक्की कोणीतरी सुचवणार. चालवू नका. इंटरनेटवर डेटा पाठवायच्या टीसीपी आणि यूडीपी अशा दोन पद्धती आहेत, टॉरमधून फक्त टीसीपी जातं, डीएचटी यूडीपीवर चालतं, त्यामुळे क्लायंटचा अर्धा संवाद टॉरला वळसा घालून सरळ बाहेर पडतो. शिवाय काही क्लायंट ट्रॅकरशी बोलताना मजकुरातच स्वतःचा खरा आयपी लिहून पाठवतात, वरचं पाकीट कितीही निनावी असलं तरी आत सही असते. इन्रियाच्याच लोकांनी टॉरचे सहा एक्झिट नोड (ज्या मशीनमधून डेटा टॉरच्या बाहेर पडतो त्या) चालवून २३ दिवसांत टॉर वापरणाऱ्यांचे १०,००० आयपी अशा वाटेने उघडे पाडले होते. आणि ज्यांनी टॉरेंटसोबत त्याच टॉरवरून ब्राउझिंग केलं त्यांचं ब्राउझिंगही जोडलं गेलं, हे जास्त वाईट.

खरंच निनावी टॉरेंट हवा असेल तर आयटूपी आहे, २००३ पासून चालू आहे. त्यात टॉरेंटचा सगळा कारभार त्या नेटवर्कच्या आतच होतो, यादीत आयपीऐवजी एका चावीवरून बनलेला पत्ता असतो, आणि तुमचं येणं-जाणं वेगवेगळ्या बोगद्यांतून, सहसा प्रत्येकी तीन मशीनमधून फिरून होतं. आयटूपीस्नार्क नावाचा क्लायंट सोबतच येतो. क्यूबिटटॉरेंटमध्येही २०२३ पासून प्रायोगिक सोय आहे, पण त्यात मिक्स्ड मोड नावाची खूण आहे ती चुकून चालू ठेवली तर तो साध्या इंटरनेटवरच्या पीअर्सनाही जोडतो आणि मग सगळी मेहनत पाण्यात. स्पीड मात्र केबीत मोजायचा, चाळीस जीबी म्हणजे दिवसच्या दिवस, आणि तुमचं मशीन दुसऱ्यांचीही ने-आण करत असतं म्हणून डेटा लिमिट असलेल्या प्लॅनवर जपून. तुम्ही आयटूपी वापरता हे कंपनीला कळू शकतं, त्यातून काय नेता ते नाही.

पण इथेच गोव्याची अडचण येते. निनावी राहणं हे सॉफ्टवेअरवर जेवढं अवलंबून त्याहून जास्त गर्दीवर असतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुमच्याकडे कोणी वळूनही बघत नाही, तेच एखाद्या वाड्यावर अनोळखी स्कूटर शिरली तर तीन घरांतून कोणाकडे आलात म्हणून विचारतात. तुमच्या टॉरेंटवर सात-आठच जण आहेत आणि सगळे एका तालुक्यातले, तर चाव्यांमागे लपूनही काय उपयोग. बघणाऱ्याने फक्त वेळा टिपायच्या, दुपारी गावची लाईट गेली तेव्हा यादीतले कुठले तीन पत्ते एकदम गायब झाले, चवथीच्या पाच दिवसांत कोण बंद होता. दोन-चार वेळा असं जुळलं की गाव ठरलं, आणि गाव ठरल्यावर आपल्याकडे माणूस ठरायला किती वेळ लागतो.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर आधी काम दोन भागांत तोडलं असतं. ग्रुपच्या आतलं वाटप आणि बाहेर जाहीर करणं यांच्या गरजाच वेगळ्या आहेत, आणि तुम्ही दोन्ही एकाच टॉरेंटने करताय हीच खरी गोची आहे.

आत तुम्ही एकमेकांना ओळखता, तिथे निनावीपणाचं नाटक कशाला? तिथे हवं ते एवढंच की परका आत येऊ नये. त्याला सिंकथिंग घ्या. तेही पीअर टू पीअरच, मध्ये कोणाचा ड्राईव्ह नाही, प्रत्येक मशीनची ओळख तुम्ही स्वतः मंजूर केल्याशिवाय फाईल हलत नाही आणि वाटेत सगळं एन्क्रिप्टेड असतं. आपले पत्ते सिंकथिंगच्या शोध-सर्व्हरला आणि ज्याच्याकडे तुमच्या मशीनची ती ओळख आहे त्याला कळू शकतात, म्हणून ती ओळख आपल्या लोकांतच ठेवा, मग चालतं. जाहीर यादी नाही, डीएचटी नाही. फुटीराची शंका असेल तर आठच्या ऐवजी तिघांकडेच मूळ फाइली ठेवा, यावर सॉफ्टवेअरचा उपाय नाही. शेजारच्या गावात द्यायचंय तर ६४ जीबीचा पेन ड्राईव्ह खिशात घालून जा की, अर्ध्या तासाचं अंतर, त्याचा लॉग कोणाकडे राहत नाही.

बाहेर जाहीर करायचं ते एकदाच आणि निवडून. चाळीस जीबी कोणी बघत नाही हो, पंधरा मिनिटांचे व्हिडिओ आणि महत्त्वाचे कागद काढले तर एक-दीड जीबीत बसतं. ते एखाद्या वकिलाला, पत्रकाराला किंवा पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्थेला द्या आणि त्यांनी त्यांच्या नावावर उघडपणे टाकू दे, म्हणजे तो पहिला सीडर शोधून सापडतील ते तेच, आणि त्यांना सापडायला हरकत नसते. प्रत्यक्ष भेटून देता येत नसेल तर एवढ्या साईजला ऑनियनशेअर चांगलं. तुमच्या लॅपटॉपवर टॉरच्या आतच एक तात्पुरता पत्ता तयार होतो, समोरचा टॉर ब्राउझरमध्ये तो उघडून फाईल उतरवतो, एक्झिट नोड मध्ये येतच नाही आणि दोघांना एकमेकांचा आयपी कळत नाही. उतरून होईपर्यंत लॅपटॉप चालू ठेवायला लागतो एवढंच. हायफानेट म्हणून अजून एक आहे, जुनं फ्रीनेट, त्यात फाईल टाकून तुम्ही बंद करून गेलात तरी ती तुकड्यांत दुसऱ्यांच्या मशीनवर राहते, कल्पना मला फार आवडते पण गावातल्या कोणाला ते बसवून वापरायला सांगणं म्हणजे... असो.

आता ज्याच्याकडे शंभरातले नव्वद जण बघतच नाहीत ते, फाईलच्या आतली माहिती. आयपी लपवायला महिन्याला पैसे भरतात आणि फोटोत जीपीएस तसंच. फोनच्या फोटोत जागा आणि मॉडेल, मोठ्या कॅमेऱ्याच्या फोटोत बऱ्याचदा सिरियल नंबर. ड्रोनचं तर विचारूच नका, काही ड्रोन व्हिडिओसोबत सबटायटलची फाईल बनवतात त्यात फ्रेमगणिक अक्षांश-रेखांश असतात, म्हणजे उड्डाण कुठल्या गच्चीवरून झालं ते क्लिपच्या सुरुवातीलाच लिहिलेलं. एक्झिफटूलने फोटो साफ करा, व्हिडिओ एफएफएमपेगने मेटाडेटा काढून नव्याने बनवा, सबटायटलच्या फाइली उडवा, आणि ड्रोन वर चढतानाचा भाग कापा कारण त्यात तुमचं कौलारू छप्पर आणि अंगणातली तुळस दिसते, त्याला कुठलंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. आवाजही काढा, मागे कोणीतरी कोणाला तरी नावाने हाक मारतच असतो. आरटीआयच्या उत्तरावर अर्जदाराचं नाव-पत्ता छापलेला असतो, तो पीडीएफमध्ये वरून काळी पट्टी ओढून झाकू नका, पट्टीखालचा मजकूर कॉपी करता येतो. प्रिंट काढून, मार्करने काळं करून, परत स्कॅन. टॉरेंट फाइलीतही कधी बनवली आणि कुठल्या सॉफ्टवेअरने ते लिहिलेलं असतं, आणि फोल्डरचं नाव तर तुम्हीच दिलेलं, त्यात आपलं किंवा वाड्याचं नाव नाही ना एवढं बघा.

राहता राहिलं ते आधीच वाटून झालेल्या टॉरेंटचं. डीएचटीवर ज्यांनी टिपायचं त्यांनी टिपलं असेल, ते मागे घेता येत नाही. आज सगळ्यांना सांगून सीडिंग बंद करा आणि क्लायंटमधून तो टॉरेंट काढून टाका, नुसता पॉज करून ठेवू नका, मशीन रीस्टार्ट झाल्यावर कोणाच्या तरी घरी तो परत सुरू होतोच. नवीन टॉरेंट कधी केलात तर त्याच जुन्या फाइली परत घालू नका. तसेच्या तसे फाइल आणि फोल्डर राहिले तर खूणही तीच तयार होऊ शकते आणि जुनी यादी नव्याला आयती जोडली जाते. आधी वर सांगितल्यासारख्या साफ करा, नावं बदला, मगच काय ते. आणि मूळ न छेडलेल्या फाइली एका वेगळ्या हार्डडिस्कवर तारखेसकट जपून ठेवा, कोर्टात किंवा टाउन अँड कंट्री प्लॅनिंग खात्याकडे तक्रार गेली तर जीपीएस आणि तारीख असलेली तीच प्रत मागतील.